वेल्डिंगच्या दुकानासमोर उभे राहून

एखाद्या गावाची शेती बरी चालली आहे की ओढगस्तीला लागली आहे, हे तलाठ्याच्या दप्तरापेक्षा वेल्डिंगच्या दुकानासमोर लवकर कळते. ट्रॉलीला नवे फाळके बसत असतील, कोणी जिन्याला कठडा करून घेत असेल, गोठ्यावर टिनाचे शेड उभे राहत असेल, तर समजावे की मागचे सोयाबीन घरात आले आणि भावही अगदीच पडला नाही. जुन्याच पंजीचे दात तिसऱ्यांदा जोडायला आले असतील, तर यंदा हात आखडला आहे. वाशिम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यातल्या आमच्या रिठदला हा हिशेब बहुधा चुकत नाही. त्यामुळे दुकानासमोर उभे राहायची मला सवय आहे. आणि उभे राहिले की नुसते ट्रॉलीकडे पाहून भागत नाही, ट्रॉली जोडणाऱ्या माणसाकडेही लक्ष जाते.

तो पायात स्लीपर घालून उकिडवा बसलेला असतो. एका हातात रॉड धरलेला होल्डर, दुसऱ्या हातात जोडायचा तुकडा. काळ्या काचेची ढाल शेजारी भिंतीला टेकवून ठेवलेली. समोर चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा अँगल धरून मान फिरवून बसलेला. "मिट डोये" असे म्हणायचे, स्वतः मिटायचे, अंदाजाने टाका मारायचा, की झाले काम! रस्त्यावरून शाळेला चाललेली मुले तो निळा उजेड पाहायला थांबतात. ज्याची ट्रॉली आहे तो मालकही हात आडवा धरून बोटांच्या फटीतून पाहत असतो.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. माझे काही जुने विद्यार्थी आज याच धंद्यात आहेत आणि कसबी आहेत. त्यांच्या कसबाबद्दल मला एक शब्द बोलायचा नाही. पण इतके धोक्याचे काम इतक्या बेफिकिरीने होताना आपण सगळे समोर उभे असतो आणि भावात घासाघीस करण्यापलीकडे तोंड उघडत नाही, हे मला दिवसेंदिवस खटकू लागले आहे.

पूर्वी लोखंड जोडायचे काम लोहाराचे. दोन तुकडे भट्टीत पांढरे होईपर्यंत तापवायचे आणि ऐरणीवर घणाने एकजीव करायचे. तेही काम जोखमीचेच होते, पण त्यातली जोखीम दिसत होती. लाल लोखंडाला हात लावू नये हे शेंबड्या पोरालाही कळते. विजेच्या वेल्डिंगने सांधा सोपा केला आणि जोखीम अदृश्य केली. रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या त्या ठिणगीचे तापमान सूर्याच्या पृष्ठभागाइतके किंवा त्याहून अधिक असते. पण माणसाला इजा होते ती बहुतेक वेळा न दिसणाऱ्या गोष्टींनी. किरण दिसत नाहीत, करंट दिसत नाही. धूर दिसतो, पण त्यात काय आहे ते दिसत नाही.

आता तर हे काम दुकानापुरतेही राहिलेले नाही. पूर्वीचा वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे दोघांनी उचलायचे धूड. त्याला चांगला पुरवठा लागे, म्हणून तो एका जागी असे आणि त्याच्यापाशी निदान एक जाणता माणूस असे. आज पाच-सात किलोचे इन्व्हर्टर मशीन पाच-सात हजारांत मिळते. ते खांद्याला अडकवून मोटारसायकलवर शेतात नेता येते. खटपट्या शेतकरी ते घरीच आणून ठेवतो आणि गोठ्याच्या बोर्डात पिन खुपसून कामाला लागतो. दहा नंबरचा रॉड जाळताना हे मशीन पंधरा-वीस अँपिअर, कधी त्याहूनही अधिक ओढते. गोठ्यातली वायर एका दिव्यासाठी आणि एका पंख्यासाठी टाकलेली असते. ती तापते, तिचे प्लास्टिक मऊ होते आणि ते आतल्या आत, भिंतीवर, कुटाराच्या ढिगाला लागून होते. म्हणून मशीनसाठी मीटरपासून वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी घेणे ही काही चैन नव्हे.

डोळ्यांचे आधी सांगतो, कारण तेवढे सगळ्यांना ठाऊक असते आणि तरीही चुकीचे ठाऊक असते. वेल्डिंगचा उजेड पाहिला की लगेच काही होत नाही. माणूस दिवसभर काम करतो, जेवतो, झोपतो आणि रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखा उठून बसतो. अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा पडदा भाजलेला असतो आणि त्याचे दुखणे साधारण सहा ते बारा तासांनी वर येते. मग घरात धावपळ होते. कोणी बटाट्याच्या चकत्या ठेवते, कोणी दुधाचे थेंब सोडते, कोणी मेडिकलमधून डोळा बधिर करणारे थेंब आणते. यातला शेवटचा उपाय सगळ्यात वाईट, कारण त्याने सगळ्यात आधी आराम पडतो. ते थेंब डॉक्टरने तपासणीपुरते वापरायचे असतात. पुन्हा पुन्हा घातले तर जखम भरणे लांबते आणि बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. गार पाण्याची पट्टी, अंधारी खोली, डोळे न चोळणे आणि सकाळी डोळ्यांचा डॉक्टर एवढेच करावे. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरे वाटते. म्हणून तर भीती उरत नाही! पण हेच वर्षानुवर्षे करत राहिले तर डोळे त्याची किंमत वसूल करतात.

मी एकदा एका विद्यार्थ्याला विचारले, "अरे, काच का वापरत नाहीस?" तो म्हणाला, "सर, काच लावली का टाका कुठी पडते तेच दिसत नाई. अन् पंधरा वर्षं झाले, डोये शाबूतच हायेत ना माये!" त्याच्या पहिल्या वाक्यात तथ्य आहे. साध्या काळ्या काचेतून ठिणगी पेटेपर्यंत काहीच दिसत नाही आणि टाका मारणाऱ्याला सुरुवातीची जागाच तर दिसायला हवी असते. त्यावर आता उपाय आहे. ठिणगी पेटताक्षणी आपोआप काळी होणारी काच असलेले हेल्मेट मिळते. ते दोन्ही हात मोकळे ठेवते आणि पूर्वीसारखे महागही राहिलेले नाही. साधी काच घ्यायची तर आपल्याकडच्या नेहमीच्या कामाला दहा किंवा अकरा नंबरची घ्यावी. उन्हाचा गॉगल मात्र कामाचा नाही. त्याने उजेड सुसह्य होतो एवढेच, आणि डोळे फसून जास्त वेळ पाहत राहतात.

यापेक्षा गंभीर गोष्ट आहे अर्थिंगची. इथे सगळा घोटाळा एका शब्दाने केला आहे. वेल्डरला विचारा, "अर्थिंग लावली का?" तो म्हणेल, "लावली ना!" आणि ट्रॉलीला अडकवलेला चिमटा दाखवील. तो चिमटा म्हणजे अर्थिंग नव्हे. रॉडमधून लोखंडात उतरलेला करंट मशीनकडे परत नेणारी ती वायर आहे, येण्याच्या रस्त्याला लागणारा जाण्याचा रस्ता. खरी अर्थिंग वेगळी. मशीनच्या लोखंडी पेटीपासून निघून जमिनीत पुरलेल्या सळईपर्यंत किंवा पट्टीपर्यंत जाणारी ती तार. आतली वायर खरवडून पेटीला चिकटली तर तो करंट माणसाऐवजी जमिनीत जावा आणि फ्यूज उडावा, एवढ्यासाठी ती असते. दोन्हींना एकच नाव पडले आणि पहिली लावली की दुसरीची आठवणच कोणाला होत नाही. तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन मोडून, दोन वायरी थेट सॉकेटात काडीने खोचलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. काही ठिकाणी तर थेट तारेवर आकडा. अशा ठिकाणी अर्थिंगची गोष्ट काढणे म्हणजे वाड्याला दार नसताना कडीची चौकशी करणे.

त्या चिमट्याचाही एक उपद्रव आहे. तो जोडायच्या तुकड्याला, सांध्याच्या शक्य तितका जवळ लावायचा असतो. पण वायर आखूड असते, चिमटा मोडलेला असतो, म्हणून ती वायर दुकानाच्या शेडच्या खांबाला किंवा शटरला गुंडाळून मोकळे होतात. म्हणजे शे-दीडशे अँपिअरचा करंट घरी परतताना वाटेत सापडेल त्या लोखंडातून फिरून जातो. वाटेत कुठे सैल सांधा असला की तिथे ठिणगी उडते आणि ती नेमकी कुठे उडेल हे कोणालाच सांगता येत नाही.

"वेल्डिंगचा करंट मारत नाही" असा एक समज आमच्या भागात पक्का आहे. तो अर्धा खरा असल्यामुळे जास्त घातक आहे. रॉड टेकवलेला नसताना होल्डर आणि काम यांच्यामध्ये साधारण पन्नास ते ऐंशी व्होल्ट असतात. घरातल्या दोनशे तीसपेक्षा ते कमी. कोरडी कातडी, कोरडे हातमोजे, पायात बूट असले तर नुसती चुणचुण जाणवते. पण माणूस घामाने किंवा पावसाने भिजला की त्याच्या शरीराचा अडथळा हजार ओहमच्या आसपास उतरतो. ऐंशी व्होल्टला हजाराने भागा. ऐंशी मिलिअँपिअर! दहा-पंधरा मिलिअँपिअरला मूठ आवळली जाऊन सुटत नाही, आणि पन्नासच्या पुढे काही क्षणांत हृदयाची लय बिघडू शकते. हे सातवी-आठवीचे गणित आहे. आणखी एक गोष्ट चांगल्या जाणत्यांनाही माहीत नसते. शॉक लागताच वीज तोडणारा ईएलसीबी घरी अवश्य असावा. तो बोर्डापासून मशीनपर्यंतच्या दोषाला आवर घालतो, पण रॉडकडची बाजू मशीनच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरने वेगळी केलेली असते, म्हणून तिथला शॉक त्याला कळतच नाही. तिथे राखणदार फक्त कोरडा हातमोजा, कोरडा बूट आणि बुडाखालची कोरडी फळी.

आता आमच्याकडचे कॅलेंडर पाहा. वेल्डिंगच्या दुकानाला सगळ्यात जास्त गर्दी कधी? मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की. सगळ्या गावाची पेरणी एकाच आठवड्यात निघते आणि पेरणी यंत्राचा फणही नेमका त्याच आठवड्यात तुटतो. ट्रॅक्टर चिखलात उभा, यंत्र ओले, माणूस ओला, वरून भुरभुर चालू आणि मालकाचा जीव टांगणीला. वेल्डरने "जमीन सुकू द्या" म्हटले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. म्हणजे जे काम ओल्यात करूच नये ते आपण वर्षातून नेमके ओल्यातच सगळ्यात जास्त करून घेतो. अर्ध्या तासात टिनाखाली कोरडी जागा करता येते. फळी टाकता येते, फण सोडवून आत आणता येतो. पेरणी अर्ध्या तासाने चुकत नाही. तरीही कोणाला शॉक लागलाच तर त्याला हात न लावता आधी मेन स्विच बंद करावा, तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करावी, श्वास थांबला असेल तर छाती दाबणे सुरू करावे आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. मेन स्विच कुठे आहे हे हाताखालच्या पोरालाही माहीत असले पाहिजे.

ट्रॅक्टरचे काम करताना बॅटरीची तार आधी सोडावी, हे आता बरेच जण करतात. पण टायर न काढता चाकाच्या रिमला पडलेली चीर जोडून देण्याचा उद्योग अजून चालतो. रिम तापते, आतले रबर भाजून त्यातून पेट घेणारा वायू निघतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. हवा सोडली म्हणजे झाले असेही नाही. टायर रिमवरून उतरवलाच पाहिजे. तीच गत डिझेलच्या रिकाम्या ड्रमची. लोक म्हणतात, रिकामाच तर आहे! पण भरलेल्या ड्रमपेक्षा रिकामा ड्रम घातक, कारण त्यात तेल नसले तरी तेलाची वाफ आणि हवा दोन्ही कोंडलेली असतात. ज्या टाकीत काय होते ते माहीत नाही, ती जोडायला घेऊच नये. अशी टाकी परत पाठवणारा वेल्डर मला शहाणा वाटतो. गावाला तो आखडू वाटतो.

आणि आग. वेल्डिंगची ठिणगी तीस-पस्तीस फुटांपर्यंत सहज जाते, फटीत शिरते आणि तासभर धुमसत बसू शकते. २१ जानेवारी २०२१ रोजी पुण्याजवळ मांजरीला सीरम इन्स्टिट्यूटच्या काम चालू असलेल्या इमारतीत आग लागून पाच कामगार गेले. वेल्डिंगच्या कामातून ती भडकली असावी, असा प्राथमिक अंदाज तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितला होता. २५ मे २०२४ रोजी राजकोटला मुलांच्या खेळाच्या जागी सत्तावीस जणांचा कोळसा झाला, त्यात लहान मुलेही होती. तिथे वेल्डिंग चालू असताना ठिणग्या खाली पडत असल्याचे कॅमेऱ्यात दिसले. सुटीच्या दिवसांत, मुले आत खेळत असताना वेल्डिंग करायचे! ही मोठ्या शहरांची नावे वाचून आपल्याला वाटते, आपल्याकडे कुठले आले असले. आपल्याकडे सोयाबीनची सुडी असते. ऑक्टोबरात वाळलेली सुडी शेतात उभी, शेजारी थ्रेशर, थ्रेशरचा पट्टा ओढणारी पट्टी तुटते आणि इन्व्हर्टर मशीन जनरेटरवर लावून तिथल्या तिथे जोडायला घेतात. पाणी कुठे? विहिरीत. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! थ्रेशर पन्नास-साठ पावले ओढून मोकळ्या रानात न्यावा, पाण्याचा पिंप आणि ओले पोते जवळ ठेवावे, काम संपल्यावर एका माणसाने तासभर तिथेच बसावे. वर्षाच्या पिकापुढे एक तास म्हणजे काय?

धुराबद्दल थोडेच बोलतो. दुकानात गुळाचा खडा मिळतो. गूळ खाल्ला की धूर छातीत न बसता पोटात जातो म्हणे. गूळ खावा, चांगला लागतो, पण धूर फुप्फुसात जातो आणि गूळ जठरात, त्यांची गाठ पडत नाही. जीआय पाइप किंवा पत्रा जोडला तर त्यावरचे जस्त जळून पांढरा धूर होतो. काही तासांनी तोंडाला धातूची चव येते, थंडी वाजून ताप भरतो. दुसऱ्या दिवशी उतरतो, म्हणून त्याला कोणी आजार म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये वेल्डिंगच्या धुराबद्दल नुसता संशय नोंदवला होता. २०१७ मध्ये तिने हा धूर कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. सांध्याच्या जागेवरचे जस्त आधी घासून काढावे, वाऱ्याकडे पाठ न करता वारा आडवा घेऊन बसावे, डोके धुराच्या झोताबाहेर ठेवावे. एवढ्याला खर्च नाही. ग्राइंडरची जाळी काढून चकती फिरवण्याबद्दल तर लिहायलाही कंटाळा येतो. ती जाळी कंपनीने शोभेला दिलेली नसते.

हे सगळे वेल्डरने करायचे, मग आपण कशाला डोके शिणवायचे, असे वाचकांना वाटेल. मलाही बरेच दिवस हाच प्रश्न पडत होता. कारखान्यांचे सुरक्षेचे कायदे ठरावीक कामगारसंख्येच्या वर लागू होतात. दोन माणसांच्या दुकानात तपासनीस येत नाही. आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे आणि आठवी पास मुलाला तो घेता येतो. पण शिकलेला मुलगा पुण्याला, चाकणला निघून जातो. गावच्या दुकानात पोरगा उस्तादाच्या हाताखालीच शिकतो आणि उस्ताद डोळे मिटून टाका मारत असेल, तर तोही तेच शिकतो. म्हणजे या दुकानावर खरी देखरेख एकाचीच आहे. दारात उभे राहून पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाची.

आणि ते गिऱ्हाईक काय करते? ग्रिलचा भाव किलोवर ठरवते. दोन रुपये किलोमागे कमी कर म्हणते. ते दोन रुपये वेल्डर लोखंडातून काढू शकत नाही, रॉडमधून काढू शकत नाही. तो काढतो हातमोज्यातून, काचेतून, बुटातून. एका दुकानदाराने मला स्वच्छ सांगितले, "सर, मी पडदा लावला, बूट घेतले, अन् भाव वाढवला, तं लोक म्हणतात, मोठा सायब झाला हा." त्याचे म्हणणे खोडून काढता येईना.

आपण घरी काम बोलावतो तेव्हा तरी आपला अधिकार चालतो. खिडकीला ग्रिल बसवायला माणूस आला, तर पडदे, गाद्या, गॅसची टाकी आधी हलवावी. आपल्या बोर्डात त्याने कोणती वायर खोचली ते पाहावे. काच आणली नसेल तर "घेऊन या, मग सुरू करा" म्हणावे आणि तेवढ्या खोळंब्याबद्दल कुरकुर करू नये. बरोबर शाळेच्या वयाचा पोरगा असेल तर त्याला तुकडा धरायला लावू नये. शिकंजा लावून काम होते, आणि होत नसेल तर मोठा माणूस आणावा. घरातल्या मुलांना उजेड पाहायचा असेल तर त्यांना आत न्यावे. लहान मुलांचे डोळे आपल्यापेक्षा जास्त किरण आत घेतात.

ग्रामपंचायतीही कमी वेल्डिंग करून घेत नाहीत. शाळेची फाटके, पाण्याच्या टाकीची शिडी, स्मशानाचे शेड, व्यायामशाळेच्या खिडक्या. कामाच्या अंदाजपत्रकात सिमेंटची गोणी न् गोणी लिहिलेली असते. त्यात हेल्मेट, हातमोजे, बूट आणि ताडपत्रीचा पडदा यांची एक ओळ घालायला कोणाची मंजुरी लागेल असे मला वाटत नाही. आणि शाळेच्या फाटकाचे काम निघायचेच असेल, तर ते उन्हाळ्याच्या सुटीत निघावे, मधल्या सुटीत नव्हे.